आधी व्हॉल्व्ह, मग ट्रान्झिस्टर



या वेळी रेसिपी नाही. आमच्या बैठकीत शोकेसवर एक छोटी पेटी ठेवली आहे, तिच्याबद्दल लिहिते. पेटीवर पितळी जाळी आहे आणि जाळीच्या आत काचेची बोटभर नळी मंद नारिंगी पेटलेली असते. घरी येणारी प्रत्येक जण विचारते, "वहिनी, हा कसला दिवा हो?" दिवा नाही तो. तो व्हॉल्व्ह आहे, जुन्या रेडिओत असायचा तसला. ही पेटी कशी आली ते सांगायचं तर माझी एक चूकही सांगावी लागेल. ती लपवली तर लिहिण्यात अर्थ नाही.

मागच्याच्या मागच्या दिवाळीची गोष्ट. आवराआवर करताना माळ्यावरून कॅसेटचं एक मोठं खोकं निघालं. धूळ, बुरशीचा वास, कुठल्या कॅसेटवर नाव, कुठल्यावर काही नाही. हल्ली कोण कॅसेट ऐकतं, असं म्हणून मी ते पेपरच्या रद्दीबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकलं. परिग्रह कमी करायचा, मंदिरात ऐकतोच की आपण! मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटली.

आठ दिवसांनी मामाजी (माझे सासरे) माळ्याच्या शिडीपाशी उभे दिसले. म्हणाले, "सूनबाई, वर एक खोकं होतं ना?" मी म्हटलं, "कॅसेटचं? ते दिलं मामाजी, सगळं खराब झालं होतं." ते "बरं" म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. पुढे एक शब्द नाही.

त्या खोक्यात आईंच्या कॅसेट होत्या. माझ्या सासूबाई आमच्या इथल्या महिला मंडळात महावीर जयंतीचा पाळणा म्हणायच्या. ढोलकवर कोणीतरी, मागे पंधरा-वीस जणी आणि पुढे आई. त्यांचा आवाज बाईमाणसाच्या मानाने जाड, खर्जातला. पहिल्यांदा ऐकणारी दचकायची, मग ऐकतच राहायची. त्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मामाजींनी वर्षानुवर्षं ते पाळणे टेप केले होते आणि मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

एकच कॅसेट वाचली. ती खोक्यात नव्हती, जुन्या डेकमध्येच अडकून राहिली होती.

मामाजींविषयी थोडं सांगते. नोकरी राईस मिलच्या हिशेबाची, पण हात रेडिओत. संध्याकाळी सूर्यास्ताआधी जेवून घेतलं की ते रेडिओ उघडून बसायचे. गल्लीतले सगळे रेडिओ त्यांच्याकडे यायचे. ते सांगतात, नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झालं आणि भंडारा तिथून साठेक किलोमीटर, त्यामुळे स्टेशन खणखणीत लागायचं. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स काढावं लागे. बातम्यांच्या जरा आधीच बटण दाबून ठेवायचं, कारण व्हॉल्व्ह तापायला वीस-तीस सेकंद लागतात. तापल्याशिवाय तो बोलत नाही. पुढे ट्रान्झिस्टर आले. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टर पहिल्यांदा चालला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्याने घराघरातून व्हॉल्व्ह हद्दपार केले. बटण दाबलं की लगेच आवाज, शिवाय तापत नाही, फुटत नाही, सेलवर चालतो. मामाजींनीही मग ट्रान्झिस्टरच दुरुस्त केले. पण व्हॉल्व्हचा एक डबा त्यांनी ठेवला होता.

आई गेल्यावर मात्र सगळंच थांबलं. सोल्डरिंगची पेटी कपाटात गेली. सकाळी देवदर्शन, दुपारी पेपर, संध्याकाळी गच्चीवर एकटेच.

गेल्या मे महिन्यात आमचा धाकटा नागपूरहून सुट्टीला आला. इंजिनिअरिंगला आहे. डेकमधली कॅसेट त्याला दिसली आणि मी रडतच त्याला सगळं सांगितलं. त्याने पहिलं काम हे केलं की कॅसेट एकदाच वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. जुनी फीत कधी तुटेल सांगता येत नाही. मग म्हणाला, "आई, हा पाळणा आजोबांना मोबाईलवर नको ऐकवायला. व्हॉल्व्हवर ऐकवू."

मी म्हटलं, पूर्ण व्हॉल्व्हचा अँप्लिफायर करणार की काय? तो म्हणाला, नाही, अर्धाच. पुढे व्हॉल्व्ह, मागे ट्रान्झिस्टर.

आता हे मला त्याने जसं समजावलं तसं तुम्हाला सांगते. आवाज मोठा करण्याचं काम दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा प्रीअँप्लिफायर. कॅसेटकडून आलेला बारीकसा सिग्नल तो सांभाळून घेतो, हवा तेवढा वाढवतो आणि पुढे देतो. दुसरा टप्पा पॉवर अँप्लिफायर. त्याचं काम दांडगाईचं, स्पीकरचा पडदा हलवायचा. विरजण आणि दूध समजा. विरजण चमचाभर, पण चव त्याची. दूध पातेलंभर.

व्हॉल्व्हला व्होल्टेज छान हाताळता येतं, पण त्याच्यातून करंट फारच थोडा वाहतो. स्पीकरला तर नेमका करंट लागतो. म्हणून व्हॉल्व्हच्या पॉवर अँप्लिफायरमध्ये मध्ये एक जड आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो. तो महाग, वजनाला वरवंट्यासारखा, आणि मोठे व्हॉल्व्ह शेगडीसारखे तापतात. भंडाऱ्याच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना, बैठकीत अजून एक शेगडी कोणाला हवी? ट्रान्झिस्टर मात्र स्पीकरला थेट करंट देतो, ट्रान्सफॉर्मर नको की काही नको. म्हणून नाजूक काम व्हॉल्व्हकडे, ताकदीचं काम ट्रान्झिस्टरकडे. छोट्या व्हॉल्व्हच्या फिलामेंटला दोन वॅटसुद्धा वीज लागत नाही. पॉवर अँप्लिफायर घरात होताच, ह्यांनी लग्नानंतर हौसेने घेतलेला.

धाकट्याने मामाजींच्या डब्यात पाहिलं. हवा तो व्हॉल्व्ह त्यात नव्हता, म्हणून त्याने एक मागवला. ईसीसी ८२, अमेरिकन नाव १२ एयू ७. बाकीचं सामान सीताबर्डीच्या बाजारातून आणलं. जुन्या रेडिओचा नकाशा पाहून आठ दिवस खटपट केली. मामाजी येता-जाता बघायचे, बोलायचे काही नाहीत.

मग एका संध्याकाळी, जेवणं आटोपल्यावर, त्याने पाळणा लावला.

मैत्रिणींनो, मला वाटलं होतं मामाजींच्या डोळ्यांत पाणी येईल. आवाज आला, पण पातळ. ढोलकचा घुमारा गायब, नुसती टकटक. आणि आई? शब्द त्यांचे, चाल त्यांची, पण आवाज कुणा पोरसवदा मुलीचा असावा तसा. मामाजींनी मिनिटभर ऐकलं, उठले आणि म्हणाले, "ही ती नव्हे." गच्चीवर निघून गेले.

त्या रात्री मला झोप नाही. एकच कॅसेट उरली होती माझ्यामुळे, तीही अशी निघाली. वाटलं, फीतच खराब झाली असणार.

सकाळी स्वयंपाकघरातून पाहते तो मामाजी धाकट्याच्या टेबलापाशी उभे, चष्मा नाकावर, पूजेचं अष्टक अजून ओठांत. म्हणाले, "कपलिंगला किती टाकलास?"

"पॉइंट झिरो फोर सेव्हन, आजोबा. रेडिओत तेवढाच होता."

"रेडिओत पुढे दुसरा व्हॉल्व्ह होता बेटा. व्हॉल्व्हची ग्रिड काही पीत नाही. इथे पुढे ट्रान्झिस्टर आहे. तो पितो. त्याचा कागद काढ."

पॉवर अँप्लिफायरचा कागद निघाला. त्यावर लिहिलेलं, इनपुट १० किलो-ओहम. मामाजी खुर्ची ओढून बसले. दोन-अडीच वर्षांत पहिल्यांदा.

गोम अशी होती. गच्चीवरच्या टाकीतून बारीक नळी खाली येते असं समजा. खाली छोटी तोटी उघडली तर धार नीट लागते. मोठा नळ सोडला तर धारच मरते, पाणी टाकीत कितीही असो. व्हॉल्व्ह म्हणजे ती बारीक नळी. त्याच्या आउटपुटला स्वतःचाच ८ किलो-ओहमच्या आसपास अडथळा होता आणि पुढचा अँप्लिफायर १० किलो-ओहमचा मोठा नळ उघडून बसलेला. निम्मा सिग्नल तिथेच गेला. मामाजींचा हिशेब असा की पुढच्याचा आकडा मागच्याच्या निदान दहापट हवा.

आणि घुमारा? दोघांच्या मध्ये एक कपॅसिटर असतो. व्हॉल्व्हवरचं मोठं डीसी व्होल्टेज तो अडवतो आणि आवाज तेवढा पुढे सोडतो. पण तो केवढा आणि पुढे ओहम किती, यावर खालचे सूर जातील की अडतील ते ठरतं. रेडिओत पुढे चार-पाच लाख ओहम असतात, म्हणून ०.०४७ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर अगदी ७ हर्ट्झपर्यंत खाली जाऊ देतो. माणसाला २० च्या खाली ऐकूच येत नाही, म्हणजे काम झालं. तोच कपॅसिटर इथे लावला तर १९० हर्ट्झच्या खाली सगळं उतरायला लागतं. ढोलकचा घुमारा तिथेच राहतो आणि आईंचा खर्जही तिथेच. फीत चांगली होती. आवाज त्या जोडापाशी अडला होता.

हे ऐकून मला काय वाटलं ते शब्दांत नाही सांगता येत. मी कणीक मळायची सोडून तिथेच उभी.

मग आजोबा आणि नातू बसले. मामाजींनी सांगितलेला उपाय मला इतका आवडला की तो तुम्हाला सांगायलाच हवा. ईसीसी ८२ दिसतो एक, पण त्या एका काचेच्या आत दोन व्हॉल्व्ह असतात. धाकट्याने एकच अर्धा वापरला होता, आवाज वाढवणारा. मामाजींनी दुसरा अर्धा त्याच्या मागे जोडायला लावला, कॅथोड फॉलोअर म्हणून. हा दुसरा अर्धा आवाज मुळीच वाढवत नाही. एक घेतला तर एकाहून किंचित कमीच देतो. पण तो भार पेलतो. त्याचा अडथळा ५०० ओहमच्या आत-बाहेर, म्हणजे पुढचे १० किलो-ओहम त्याच्या वीसपट झाले. पहिल्याला आता ओझंच नाही.

मी म्हटलं, "म्हणजे वाढवणारा वेगळा आणि पेलणारा वेगळा." मामाजी मान न वर करता म्हणाले, "घरातही तसंच असतं. पेलणारा मोजला जात नाही." कोणाबद्दल म्हणाले ते मी विचारलं नाही. मागे कोरस सांभाळणाऱ्या, ढोलकचा ठेका धरून बसणाऱ्या सगळ्या जणी मला आठवल्या.

कपॅसिटर बदलून २.२ मायक्रोफॅराडचा टाकला, म्हणजे पुन्हा ७ हर्ट्झ. धाकटा म्हणाला, "आजोबा, तुमच्या डब्यात जुने आहेत की." तर मामाजींनी ते सगळे उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकले! "व्हॉल्व्ह जुना चालतो, कपॅसिटर जुना चालत नाही. तो गळतो. गळला की व्होल्टेज थेट पुढच्यात जाईल, स्पीकर जळेल." जुनं सगळंच ठेवायचं नसतं आणि सगळंच टाकायचंही नसतं, हे त्यांनी किती सहज केलं! मी मात्र खोकं उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

अजून एक सांगते, घरात लहान मुलं असतील त्यांच्यासाठी. या पेटीत २५० व्होल्ट डीसी असतं आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते थोडा वेळ साठून राहतं. म्हणून पेटी आम्ही स्क्रूने बंद केली आहे आणि आतला साठा आपोआप उतरावा म्हणून एक रेझिस्टन्स लावला आहे. उघडून काम करायची वेळ आलीच तर मामाजींचा नियम, प्लग काढायचा, मोजून बघायचं आणि एक हात खिशात. दोन्ही हात आत घातले तर शॉक छातीतून जातो.

दोन दिवसांनी पुन्हा पाळणा लागला. पहिल्यांदा ढोलक आलं, जमिनीतून यावं तसं. मग आई. मामाजी भिंतीला टेकून बसले होते, डोळे मिटून. पाळणा संपला तेव्हा म्हणाले, "तिसऱ्या कडव्यात तिला खोकला आला होता. तेव्हाच म्हटलं होतं, थंड पाणी पिऊ नको." मला तो खोकला ऐकूसुद्धा आला नव्हता.

खरं सांगायचं तर या पेटीची गरज होती का? डेकची वायर थेट पॉवर अँप्लिफायरला लावली असती तरी पाळणा वाजला असता. धाकट्याने तेही करून दाखवलं. फरक आहे, पण फार नाही. व्हॉल्व्ह आवाजात मूळ सुराचा वरच्या सप्तकातला सूर किंचित मिसळतो, म्हणून कानाला गोड लागतं म्हणतात. मला ते कळतं असं मी म्हणणार नाही. मला एवढं कळतं की मामाजींची सोल्डरिंगची पेटी कपाटातून बाहेर आली आणि परत गेली नाही.

पावसाळ्यात एक अडचण आली. तापलेल्या काचेवर पाखरं येऊन पडू लागली. पहिलं पाखरू मेलेलं दिसलं तेव्हा मी म्हटलं, चातुर्मासात हे मला चालणार नाही, पेटी बंद. मग ह्यांनी आपल्या भंडाऱ्याच्याच एका पितळेच्या कारागिराकडून बारीक जाळी करून आणली. हवा खेळते, पाखरू आत जात नाही. मामाजींनी ती जाळी अर्थिंगला जोडली तर मागची बारीक भूं-भूंही कमी झाली. जीवरक्षा झाली आणि आवाजही सुधारला.

आता रोजचा नियम असा. आधी व्हॉल्व्हची पेटी लावायची. अर्धा-एक मिनिट थांबायचं, एक णमोकार शांतपणे होतो तेवढ्यात. मग पॉवर अँप्लिफायर. उलट केलं तर व्हॉल्व्ह तापताना त्याचं व्होल्टेज हिसका देतं आणि स्पीकर धप्पकन ओरडतो. बंद करताना आधी पॉवर अँप्लिफायर, मग व्हॉल्व्ह. जुन्याला उठायला वेळ द्यायचा, नव्याने तोवर थांबायचं. मी पूर्वी मामाजींना सकाळी एका दमात पाच गोष्टी विचारायची आणि उत्तर आलं नाही की वैतागायची. आता चहा देते आणि बसते.

दशलक्षण पर्व झालं. क्षमावाणीच्या दिवशी मी मामाजींच्या पाया पडले. दरवर्षी पडते, पण या वेळी नाव घेऊन म्हटलं, "मामाजी, आईंच्या कॅसेट मी न विचारता दिल्या. मला क्षमा करा."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला माहीत नव्हतं. आणि मी सांगितलं नव्हतं. खोक्यावर एक चिठ्ठी चिकटवायला काय झालं होतं मला? मलाही क्षमा कर, सूनबाई."

बाकीचे पाळणे गेले ते गेले. ते परत येणार नाहीत आणि ती बोच माझ्यापाशी राहणार. म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. यंदा दिवाळीला माळा काढाल तेव्हा खोकं भंगारात देण्याआधी घरातल्या मोठ्यांना खाली बसवा, एकेक वस्तू हातात द्या आणि विचारा. अर्धं ते स्वतःच टाकायला सांगतील, बघा. उरलेल्या अर्ध्याची गोष्ट ऐकून घ्या. घरात कुणाचा आवाज कॅसेटवर असेल तर आजच मुलांना उतरवून घ्यायला सांगा.

आणि भंडाऱ्याला आलात तर घरी या. आधी पेटी लावेन, मग चहा ठेवेन. चहा होईपर्यंत व्हॉल्व्ह तापलेला असेल.

जय जिनेंद्र.